एकही शिपाई मारायचा नाही

माझ्या रागाचे किस्से आमच्या घरात चवीने सांगितले जातात. बारावीत असताना मी कॅल्क्युलेटर गॅलरीतून खाली भिरकावला होता, तो एक. बहिणीच्या साखरपुड्यात केटररच्या अंगावर धावून गेलो होतो, तो दुसरा. आई सांगते, बायको त्यात भर घालते आणि मीही दात काढत बसतो. पण रागाच्या भरात केलेली सगळ्यात वाईट गोष्ट मी आवाज न करता केली होती. सकाळी अकराच्या सुमारास, शेजारी चहाचा कप ठेवून, लॅपटॉपवर, एका गेममध्ये. हसू नका. तेव्हा मलाही ते हसण्यावारी नेण्यासारखंच वाटलं होतं.

इंजिनीअर होऊन मी घरी बसलो होतो त्या दिवसांतली ही गोष्ट. पनवेलजवळ करंजाड्यात आमचा दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट. वडील सकाळी पेपर उघडायचे आणि नोकरीच्या जाहिराती मला ऐकू जातील अशा आवाजात वाचायचे. मी कानाला हेडफोन लावायचो. तासन्‌तास गेम खेळायचो, आणि कुणी काही बोललं की खेकसायचो.

माझा मामा, म्हणजे आईचा धाकटा भाऊ, गव्हाणचा. आजोबांचं भाताचं शेत होतं, मिठागरात वाटा होता. ते सगळं सरकारी प्रकल्पात गेलं. बदल्यात प्लॉट मिळाला, तो विकला, भावाभावांत वाटण्या झाल्या, आणि मामाच्या हाती शेवटी शिट्टी आणि काठी आली. आधी उरण रोडच्या एका कंटेनर यार्डात, मग आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून झालेल्या एका कॉम्प्लेक्सच्या गेटवर. आमच्याकडे याचं कुणाला काही वाटत नाही. बापाने जिथे भात लावला तिथेच मुलगा खुर्ची टाकून बसतो आणि आत येणाऱ्याला विचारतो, कुणाकडे जायचंय.

मामाची रात्रपाळी. रात्री आठ ते सकाळी आठ. गुरुवारी सकाळी त्याची साप्ताहिक सुट्टी सुरू व्हायची, म्हणून त्या दिवशी गव्हाणला जायची घाई नसायची. तो युनिफॉर्मवरच आमच्याकडे यायचा. आई त्याला तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी वाढायची. खाऊन झालं की चहाचा कप घेऊन तो माझ्या खोलीत यायचा आणि पलंगाच्या कडेवर बसून मी काय करतोय ते बघायचा. मला ते आवडायचं नाही. माझ्या मागे कुणी बसलेलं मला आजही आवडत नाही.

तेव्हा मी इंग्लंडातल्या त्या जुन्या दरोडेखोराचा गेम खेळत होतो. तोच तो, जंगलात राहणारा, श्रीमंतांना लुटून गरिबांना वाटणारा, धनुष्यबाणवाला. त्याच्यावर किती गेम निघालेत त्याला सुमार नाही. कुठे तो झाडावरून नुसत्या उड्या मारतो, कुठे त्याची अख्खी टोळी आपल्याला चालवावी लागते. माझ्याकडचा गेम टोळीचा होता. कोतवालाच्या शिपायांना चुकवत किल्ल्यात शिरायचं, पकडलेल्या गावकऱ्यांना सोडवायचं, खजिना घेऊन पळायचं. शिपायाला चुकवायच्या तीन-चार तऱ्हा. मागून जाऊन काठीने बेशुद्ध करून दोरीने बांधायचं, नाण्यांची पिशवी टाकून त्याचं लक्ष दुसरीकडे वळवायचं, किंवा सरळ बाण मारायचा. बाण सगळ्यात सोपा. मी बाणच मारायचो.

एका गुरुवारी मी असाच एक शिपाई उडवला तेव्हा मागून मामा म्हणाला, "ह्याला कशाला मारलंस?"

"गार्ड आहे तो, मामा."

"मग मी कोण हाय?"

मी हसलो. तो हसला नव्हता. म्हणाला, "तुझ्या बाणवाल्याचं भांडण राजाशी. ह्या बिचाऱ्यानं काय केलंय? बारा तास उभा हाय तिथं."

मी वैतागून लॅपटॉप त्याच्याकडे सरकवला. म्हटलं, घे, तूच खेळ मग न मारता. मला वाटलं होतं, पाच मिनिटांत कंटाळेल.

मामाने आठ महिने खेळला तो गेम. फक्त गुरुवारी, सकाळी दीड-दोन तास. आणि पहिल्याच दिवशी त्याने ठरवून टाकलं की एकही शिपाई मारायचा नाही. पडद्यावर वरच्या कोपऱ्यात किती मेले त्याचा आकडा असायचा. माझा आकडा चौथ्या दिवशी गेम संपवताना दोनशेच्या पुढे गेला होता. मामाचा शून्य होता आणि शून्यच राहिला.

त्याचं खेळणं बघण्यासारखं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं, कबूल करायचं नव्हतं एवढंच. तो आधी नुसता बघत बसायचा. शिपाई कुठून कुठे जातो, किती वेळाने वळतो. "हा आता पाठ फिरवणार," असं म्हणायचा आणि शिपाई पाठ फिरवायचा. "तुला कसं कळलं?" असं विचारलं तर म्हणायचा, "राउंड मी पण मारतो रे." शिपायाला बांधून झालं की त्याला ओढत भिंतीच्या सावलीत नेऊन ठेवायचा. गेमला त्याची काही गरज नव्हती. म्हटलं, मामा, ऊन नाही लागत त्यांना. तर म्हणाला, "असू दे." शिपायांशी बोलायचापण. "तू आपला तिकडं बघ. हां. शाबास." आई स्वयंपाकघरातून विचारायची, कुणाशी बोलतोय हा.

मी एकदा त्याला शिकवलं की वेगवेगळ्या ठिकाणी सेव्ह करून ठेवायचं, म्हणजे चुकलं तर मागे जाता येतं. त्याने ते ऐकलंच नाही. त्याने एकच सेव्ह ठेवला, पहिल्यापासून शेवटपर्यंत. म्हणाला, ड्युटीच्या रजिस्टरमध्ये खाडाखोड चालत नाय. जे झालं ते झालं, तेच लिवायचं.

त्याचं हे शिपायांचं वेड कुठून आलं ते आईने मला नंतर सांगितलं. कंटेनर यार्डात असताना त्याच्या जोडीला एक जण होता, मागच्या गेटला. भंगारचोर आले तेव्हा तो खुर्चीत झोपलेला होता. त्यांनी झोपेतच त्याच्या डोक्यात सळई घातली. माणूस वाचला, पण एका कानाने ऐकू येईना आणि बोलताना शब्द सापडेनात. मामा तेव्हा पुढच्या गेटला होता, जागा. त्यानंतर मामा ड्युटीवर कधी खुर्चीला पाठ टेकून बसला नाही. नोकरीत त्याला मान होता तो एवढ्याच एका गोष्टीचा. सुपरवायझर कधीही, कुठल्याही वेळी गेटवर आला तरी हा उभा सापडायचा. तो स्वतःही हे सांगायचा, थोडं फुशारकीनेच. "माझा डोळा लागलेला कुणी दाखवावा," म्हणायचा.

हळूहळू वडीलही गुरुवारी पेपर बाजूला ठेवून मामाच्या मागे येऊन बसायला लागले. चष्मा लावून, खुर्ची ओढून. माझ्या खोलीत मी काय करतो हे बघायला जे कधी फिरकले नव्हते, ते मामाने एखादा शिपाई चुकवला की "वा" म्हणायचे. एकदा माझ्याकडे वळून म्हणाले, "बघ, ह्याला म्हणतात चिकाटी." माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. माझा गेम, माझा लॅपटॉप, आणि कौतुक ह्याचं. सव्वीस वर्षांचा घोडा मी, आणि गेटवरून दमून आलेल्या मामावर जळत होतो. आता लिहितानाही लाज वाटते, पण तसंच होतं ते.

मामा शेवटच्या किल्ल्यात पोचला. आतल्या दरवाजावर एक शिपाई होता. तो जागचा हलायचाच नाही, फक्त मधूनमधून विहिरीकडे मान वळवायचा. तीन गुरुवार मामा त्याचा अभ्यास करत होता. तिसऱ्या गुरुवारी तो खूप दमलेला होता. खेळता खेळता त्याची मान एकदा छातीवर आली आणि तो दचकून ताठ झाला. मी ते पाहिलं. मीच म्हटलं, मामा, जा आता घरी. तो सेव्ह करून गेला. सेव्ह करताना पूर्ण जागा होता, आकडा शून्य होता, हेही मी पाहिलं. हे लक्षात ठेवा.

पुढच्या बुधवारी सकाळी मला एका कंपनीचा मेल आला. तिसऱ्या फेरीपर्यंत गेलेलो, वडिलांनी दोन-चार नातेवाइकांना सांगूनही टाकलेलं. मेल दोन ओळींचा होता. वडिलांनी विचारलं, काय झालं. मी सांगितलं. त्यांनी पेपरचं पान उलटलं फक्त. त्यापेक्षा ओरडले असते तर बरं झालं असतं.

खोलीत येऊन मी दार लावलं आणि मामाचा सेव्ह उघडला. बघायला म्हणून उघडला, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगितलं. पण कीबोर्डवर हात होते माझे. तो दरवाजावरचा शिपाई तसाच उभा होता. मी सरळ त्याच्याकडे चालत गेलो. त्याने मला पाहिलं, भाला उचलला, आणि मी बाण सोडला.

तो पडला. कोपऱ्यात शून्याचा एक झाला. दरवाजा उघडला आणि गेमने विचारलं, इथपर्यंतचं जतन करायचं का.

मी 'हो' दाबलं. चुकून नाही. 'नाही' दाबलं असतं तर सगळं होतं तसं राहिलं असतं आणि ही गोष्टच झाली नसती. माझं बोट दोन्ही बटणांच्या मध्ये थांबलं होतं, ते मला आठवतं. आणि मला बरं वाटलं होतं. तेही आठवतं. क्षणभरच, पण फार बरं वाटलं. मग आईने जेवायला हाक मारली आणि मी जेवायला गेलो. कोलंबीचं कालवण होतं, दोनदा भात घेतला.

दुसऱ्या दिवशी मामा आला. भाकरी खाल्ली, चहा घेऊन बसला, गेम उघडला. मी पलंगावर पडून मोबाइल बघत होतो. बराच वेळ कीबोर्डचा आवाज आला नाही. मग तो म्हणाला, "बाला, इथं एक दाखवतोय."

"काय एक?"

"मेलेला. एक मेलेला दाखवतोय. दार पण उघडंय."

मी उठून बघितल्यासारखं केलं. तेव्हा मी म्हणू शकलो असतो, अरे मामा, मीच जरा बघत होतो, सॉरी. तो दोन शिव्या हासडून मोकळा झाला असता. पण वडील दारात येऊन उभे राहिले होते, खुर्ची आणायच्या तयारीत. आणि माझ्या तोंडून आलं, "गेल्या गुरुवारी शेवटचं तूच खेळलास ना? डोळा लागला असेल तुझा. मान पडत होती, मी बघितलं."

मामाने माझ्याकडे पाहिलं. मग पडद्याकडे. म्हणाला, "माझा?"

"एक बटण तर दाबायचं असतं. झोपेत दाबलं गेलं असेल."

"मग मला आठवत कसं नाय?"

"झोपेतलं कसं आठवेल, मामा?"

एवढं सुचलं मला, आणि किती पटकन. वडील म्हणाले, होतं असं, रात्रभर जागरण असतं, त्यात काय एवढं. मामाने चहा संपवला. स्वयंपाकघरात जाऊन स्वतःचा कप विसळून ठेवला, हे तो कधी करत नसे. मी म्हटलं, मामा, शेवटचं एवढंसं राहिलंय, संपव की. तो म्हणाला, आता काय राहिलं त्यात. आणि पायात चपला घालून गेला.

दहा-बारा दिवसांनी आई फोनवर मामीशी बोलताना ऐकलं. मामाची नोकरी गेली होती. कुणी काढलं नव्हतं त्याला, त्याने स्वतःच सुपरवायझरला जाऊन सांगितलं होतं की माझा डोळा लागतो आणि मला ते कळतपण नाही, मला रात्री ठेवू नका, दिवसा द्या. सुपरवायझरने समजावलं म्हणे, अहो, असू द्या, वय झालं की होतं. पण हा ऐकेना. रजिस्टरमध्ये लिहा म्हणाला. शेवटी सुपरवायझरने लिहिलं, 'ड्युटीवर झोप लागते, स्वतः कबूल'. आणि ते लिहिल्यावर एजन्सीने हात वर केले. दिवसपाळीला तरुण पोरं होती. पंचावन्न उलटलेल्या माणसाला दिवसा गेटवर कोण उभं करतो?

"एवढं खरं बोलायची गरज काय होती ह्याला," आई फोन ठेवून म्हणाली. ती रडत होती.

फोन ऐकला त्या आठवड्यात सांगितलं असतं तरी नोकरी परत मिळाली असती. नंतर मी स्वतःची समजूत घालायचो की सांगून काय उपयोग, जे झालं ते झालं. पण त्या आठवड्यात उपयोग होता. मला तो माहीत होता. मी अंघोळ करताना दोनदा वाक्य जुळवलं आणि दोनदा टॉवेल गुंडाळून बाहेर आलो, बस्स.

पुढचं सगळं मला आईकडून तुकड्या-तुकड्याने कळत गेलं. मामीने त्याला पनवेलला डॉक्टरकडे नेलं. साखर तपासली, डोळे तपासले, सगळं ठीक निघालं. तर म्हणाला, मशीनला काय कळतं. त्याने स्कूटर चालवणं कमी केलं, दिवस कलला की चालवेचना. मामीने मजुरांसाठी जेवणाचे डबे सुरू केले, हा ते पायी पोचवायचा. गव्हाणपासून पुढच्या साइटपर्यंत, भर उन्हात. वाटेत कुठे टेकायचा नाही, बसलो तर झोपेन म्हणून. मला दरम्यान नोकरी लागली, महापेला. मामा पेढे घेऊन आला तेव्हा मी त्याच्या पाया पडलो आणि त्याच्या पायांवरची नजर वर करायला मला जरा वेळ लागला.

आणि माझं लग्न. ते तर सांगायलाच हवं. आमच्याकडे हळदीला अख्खं गाव लोटतं, डीजे असतो, मंडपात कोण आलं कोण गेलं कळत नाही. त्या गोंधळात घरच्या बायकांच्या दागिन्यांची पिशवी सांभाळायला एक माणूस लागतो. आईच्या माहेरी हे काम कायम मामाचं. माझ्या सगळ्या मावसभावंडांच्या हळदीला तो ती पिशवी मांडीखाली घेऊन बसलेला मी पाहिलाय. नाचायला उठायचा नाही, जेवायला उठायचा नाही, ताट तिथेच मागवायचा. माझ्या हळदीला आईने नेहमीप्रमाणे पिशवी त्याच्यासमोर धरली. त्याने हात मागे घेतला.

"नको, बाय. माझा भरवसा नाय आता. दुसऱ्या कुणाला दे."

आई म्हणाली, अरे, असं काय करतोस. तो म्हणाला, "खरंच नको. डोळा लागला तर?" आजूबाजूचे हसले. कुणीतरी म्हणालं, मामा झोपाळू झाला. मामाही हसला. मी पाटावर बसलो होतो, चार हातांवर, तोंडभर हळद. आईने पिशवी काकांच्या हातात दिली. मी तेव्हाही काही बोललो नाही. डीजे चालू होता, बोललो असतो तरी ऐकू गेलं नसतं, असंही मी स्वतःला सांगून पाहिलंय.

माझ्या बायकोला पत्ते, सोंगट्या, असल्या मांडून खेळायच्या खेळांचा नाद आहे. यंदा एका रविवारी तिने एक मोठा खोका घरी आणला. उघडून बघतो तर तोच, हिरव्या टोपीचा, धनुष्यवाला. या वेळी लाकडी सोंगट्यांत. एका बाजूला त्याची टोळी, दुसऱ्या बाजूला कोतवालाचे शिपाई. मला तो खोका घरात नको होता. पण नको का, ते कसं सांगणार? त्याच दुपारी मामा-मामी जेवायला आले होते. मटण झालं, बडीशेप झाली, मामी आणि आई स्वयंपाकघरात आवराआवर करत होत्या, वडील आत आडवे झाले होते. बायकोने पट मांडला आणि मामाला म्हणाली, या ना, मामा, चौथा गडी नाही, पण तिघांत होतं.

"मी शिपायांकडून," मामा म्हणाला. बसलापण.

खेळ सोपा होता. फासा टाकायचा, त्यावर जो आकडा येईल त्या शिपायाची सोंगटी आडवी करायची, म्हणजे तो झोपला. झोपलेल्याच्या बाजूने टोळी निघून जाऊ शकते. तिसऱ्या-चौथ्या डावाला मामाच्या दरवाजावरच्या शिपायाचा आकडा आला. बायकोने ती सोंगटी आडवी केली. "झोपला तुमचा माणूस," ती म्हणाली.

मामा त्या सोंगटीकडे बघून हसला. "माझ्यासारखाच हाय." आणि तिला सांगायला लागला. तिला ते काहीच माहीत नव्हतं. त्याने सगळं सांगितलं, आठ महिने, गुरुवार, शून्य, विहिरीकडे बघणारा शिपाई. मस्त रंगवून सांगत होता, तिला हसवत होता. "आणि शेवटाला काय झालं? मीच झोपलो आणि झोपेत त्याला मारला. शिपायानंच शिपाई मारला. तेव्हा कळलं मला, माझी ड्युटी संपली."

बायको हसता हसता थांबली. "त्यावरून तुम्ही नोकरी सोडलीत?"

"मग काय करणार? माझ्या भरवशावर दोनशे बिऱ्हाडं झोपायची."

माझ्या हातात फासा होता. मी तो पटावर ठेवला आणि म्हटलं, "मामा, तू नव्हतास. मी मारला तो."

त्याला कळलं नाही. मी परत सांगितलं. बुधवारी, तू यायच्या आदल्या दिवशी, मी उघडला तुझा सेव्ह, मुद्दाम मारला, मुद्दाम सेव्ह केला, आणि दुसऱ्या दिवशी तुझ्या तोंडावर खोटं बोललो. मला वाटलं होतं तो उठून कानाखाली देईल. द्यायला हवी होती.

त्याने एवढंच विचारलं, "म्हणजे मी झोपलो नव्हतो?"

"नाही."

"नक्की? मान पडली होती बोललास तू."

"एकदाच पडली. लगेच उठलास. सेव्ह करताना जागा होतास, मी बघितलंय."

तो उठला आणि स्वयंपाकघराच्या दारात गेला. मामी ओट्याशी भांडी पुसत होती. तो तिला म्हणाला, "अगं, ऐकलंस का? मी झोपलो नव्हतो." मामीला संदर्भच लागेना, ती म्हणाली, आता कुठे झोपलात, आत्ताच तर जेवलात. तो म्हणाला, "आता नाय गं. तेव्हा." आणि तिथेच चौकट धरून उभा राहिला. त्याची पाठ हलत होती. माझ्याकडे कुणी बघत नव्हतं. फक्त बायको बघत होती, आणि तिने नजर काढून घेतली तेव्हा मला जास्त लागलं.

चार वर्षं. डॉक्टर, स्कूटर, डबे, हळदीतली ती पिशवी. मला वाटलं होतं, तो त्यातलं एकेक काढील. त्याने काहीच काढलं नाही. तोंड धुऊन आला आणि म्हणाला, "चल, गेटवर जाऊन येऊ. माझ्या नावापुढं लिवलेलं हाय ते."

आम्ही दोघं चालत गेलो. दोन गल्ल्या. चारेक वाजले असतील. तो माझ्या पुढे होता, भरभर, मला गाठताना दम लागत होता. गेटवर नवीन गार्ड होता, हिंदी बोलणारा. जुना सुपरवायझर केव्हाच बदलून गेलेला. एजन्सीपण बदललेली. जुनी रजिस्टरं? गार्डला मामाचं म्हणणंच कळेना. मी त्याला हिंदीत सांगितलं. तो म्हणाला, वो सब तो रद्दी में गया, चाचा. किती साल पहले का पूछ रहे हो?

मामाने मान हलवली. केबिनमधल्या खुर्चीकडे पाहिलं, खुर्चीमागच्या भिंतीकडे पाहिलं. मला वाटलं, आता परत फिरू. पण गार्डने सवयीने टेबलावरचं रजिस्टर आमच्यापुढे सरकवलं होतं. आत येणाऱ्यांचं. नाव, वेळ, कुणाकडे, कारण, सही.

मामाने खिशातून चष्मा काढला. पेन घेतलं. नाव लिहिलं. मनगटावर बघून वेळ लिहिली. 'कुणाकडे' मध्ये एक आडवी रेघ मारली. आणि 'कारण' च्या रकान्यात, ड्युटीच्या त्या नीट, सुट्या अक्षरांत लिहिलं, 'मी झोपलो नव्हतो.' सही केली. पेन माझ्या हातात दिलं.

"तू पण लिव," म्हणाला.

मी त्याच्या खाली नाव लिहिलं, वेळ लिहिली. 'कारण' च्या रकान्याशी आलो. काय लिहायचं ते मला स्वच्छ माहीत होतं, तीन-चार शब्दांचं काम होतं. गार्ड बघत होता. मागे एक बाई भाजीची पिशवी घेऊन आत जायला थांबली होती. मी लिहिलं, 'वरीलप्रमाणे'.

मामाने वाकून ते वाचलं. चष्मा काढून खिशात ठेवला आणि चालायला लागला. मी पेन उचलून तो शब्द खोडायला गेलो, आणि मग खाली ठेवलं. तिथे खाडाखोड चालत नाही.